नावं ठेवणारं गिऱ्हाईक

जाहिरात लागली आणि शोरूममधली सगळी माणसं लघवीला उठली.

क्रिकेटची फायनल होती, रविवारची दुपार होती. भूपाल आण्णा मगदूम यांनी आपल्या सांगलीच्या शोरूममधल्या दोन गाड्या भिंतीकडे सारून मधल्या जागेत सतरंज्या घातल्या होत्या आणि समोर टेबलावर, हार घालून, टीव्ही बसवला होता. हळदीचे दलाल, सराफ कट्ट्यावरचे ओळखीचे, दोन-तीन डॉक्टर असे सगळे आमंत्रणावरून आले होते. भडंगाची दोन मोठी पातेली होती. एक कांदा घातलेलं, एक आण्णांच्या समाजातल्या थोरांसाठी बिनकांद्याचं. ओव्हर संपली, पडद्यावर बर्फाचा डोंगर आला आणि आमच्या कंपनीची नवी मोटार त्यावरून वर चढू लागली. आत एक बाई होती, तिची ओढणी काचेबाहेर फडफडत होती. नेमके त्याच वेळी हळदीचे दलाल एकमेकांच्या खांद्याचा आधार घेत उठले. मागच्या दाराशी रांग लागली. जे रांगेत नव्हते ते पातेल्यांकडे वळले.

टीव्हीसमोर तिघंच उरलो. आण्णा, मी आणि सुकुमार कबाडे.

आण्णा आरती बघावी तशी जाहिरात बघत होते. ते या दुकानाचे मालक. त्याआधी हळदीत होते, त्याआधी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांत. आणि कुठल्याही धंद्यात त्यांची श्रद्धा मालापेक्षा अंमळ मोठी असे.

"बर्फ बघ, म्हैसाळकर," ते मला म्हणाले. "बर्फावरनं गेली. आता हिला मिरज रोड काय सांगतोस."

"आण्णा, पण बघितली कुणी? सगळे मोरीवर आहेत."

"आवाज जातोय तिथवर."

"बाई कोण होती?" सुकुमारनं विचारलं.

"बाई नको बघूस, गाडी बघ."

"तेच म्हणतोय मी," मी म्हणालो. "बाहेरून आत येणाऱ्या कुणालाही विचारा, जाहिरात कशाची होती. सांगितलं तर मिशी काढतो."

आण्णांनी विचारलं. मला आवडणाऱ्या त्यांच्या गुणांपैकी हा एक. धोतराचा सोगा सावरत परतलेले पहिले दलाल म्हणाले, "लोकरीची असंल. थंडी लई दाखवली." दुसरे म्हणाले, "चहाची." माझी मिशी राहिली.

पण आण्णांनी हार मानली नाही. ते म्हणाले, "बोललोय ते बोललोय. उद्या सोमवार. दुकानात माणूस आलं तर टीव्ही खरा, फिरती बंद. नाही आलं तर तू खरा, आणि फिरती तुझी तुला, मी असेपर्यंत. कंपनीचे पुण्याचे देवधर साहेब पण उद्या यायचेत. त्यांच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे."

फिरती म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. फिरती म्हणजे एक दाखवायची मोटार आणि तिच्यासोबत आम्ही दोघं, मी आणि सुकुमार. तासगावचा बाजार, कवठ्याची जत्रा, साखर कारखान्याचं गेट. माणसं जिथं आपण होऊन जमतात तिथं गाडी झाडाखाली लावायची, चारी दारं उघडी ठेवायची आणि आपण जरा लांब बसायचं. कर्नाटकाच्या सीमेपलीकडे मात्र जायचं नाही, ती दुसऱ्या डीलरची हद्द. लोक आत बसायचे, पोरं मागं चढायची, कुणीतरी खाली वाकून उगाच बघायचा. आण्णांच्या मोटारी आम्हीच विकत होतो, दुकान फक्त चावी द्यायला होतं. पण कंपनीनं सगळ्या डीलरांकडून या जाहिरातीसाठी वर्गणी घेतली होती, गणपतीला घेतात तशी, म्हणजे नाही म्हणायची सोय न ठेवता. पुढच्या सालीही हवी होती. टीव्ही आणि फिरती अशी दोन लेकरं पोसायची आण्णांची तयारी नव्हती. एक बंद व्हायचं होतं. फिरती बंद म्हणजे मी बंद, कारण बंद काचेच्या दुकानात टाय लावून उभं राहण्याची कला मला आजतागायत आलेली नाही.

सुकुमार माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी धाकटा, गोरा, हसरा, आणि माणूस ओळखण्यात माझ्यापेक्षा वरचढ. आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण त्यानंच शोधून काढलेलं. तासगावच्या बाजारात एकदा एक द्राक्षबागायतदार गाडीभोवती फिरला आणि बोलायला लागला. दार पत्र्याच्या डब्यागत वाजतंय. रंग कावीळ झाल्यागत आहे. डिकीत एक धड पेटी मावायची नाही. मी मनातून हिरमुसलो. सुकुमार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कागद काढ. हा घेणार."

"शिव्या देतोय अरे तो."

"मुलगी बघायला येतात बघ. ज्यांना करायची नसते ते म्हणतात, वा, पोहे फार छान झालेत. ज्यांना करायची असते तीच माणसं नाक बघतात, दात बघतात, उंची विचारतात. नावं ठेवतो तो घेतो, म्हैसाळ्या. कौतुक करतो तो चहा पिऊन जातो."

बागायतदारानं त्याच आठवड्यात गाडी नेली, कावीळ झालेल्या रंगाचीच. तेव्हापासून आमचं ते वेदवाक्य झालं. ते इतकं मुरलं की डबा खातानासुद्धा सुटेना. "वहिनींनी भेंडी केलीय की दोऱ्या वळल्यात?" तो विचारायचा. मी त्याची भाकरी उन्हाला धरून पलीकडचं दिसतं का बघायचो. त्याची बायको अथणीकडची, कर्नाटकातली. भाकरी कागदासारखी पातळ करायची. त्याच्या लग्नाला मी जाऊ शकलो नव्हतो. त्याला रजा मिळावी म्हणून त्या आठवड्यात फिरती मी एकट्यानं ओढली होती.

तर फायनल आपण हरलो. फार वाईट हरलो. संध्याकाळी सांगलीत सुतक पडलं. पानपट्ट्यांचे रेडिओ बंद, कोपऱ्यावरची पोरं गप्प. आण्णांनी टीव्हीचा हार काढून ठेवला. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. अशा सुतकात सोमवारी सकाळी कोण मोटार बघायला घराबाहेर पडतंय?

सुकुमार निघताना म्हणाला, "निवांत झोप. उद्या माशी येत नाही."

सोमवारी मी दुकान उघडलं. देवधर साहेब आले. तरुण, पुण्याचे, वाक्याच्या शेवटी हसणारे. त्यांना गाड्या विकण्यात रस नव्हता, म्हणजे त्यांचं खातं वेगळं होतं. जाहिरातीनंतर दारातून माणूस आत येतो की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं. ते दाराशी खुर्ची टाकून बसले. आण्णा गल्ल्यावर. मी काचेतून रिकामा रस्ता बघत होतो आणि तो मला अतिशय सुंदर दिसत होता.

मग माणसं आली.

आधी पाच-सात. धोतर, पांढरी टोपी, मागे डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. दाराशी चपला काढून आत आली. त्यांच्या मागून आणखी. मग एक अख्खं कुटुंब, कडेवरच्या पोरांसकट. तास-दीड तासात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि बाहेर चपलांचा डोंगर झाला होता, बर्फाच्या डोंगराएवढा.

"सुकुमार," मी म्हणालो, "ही कुठली माणसं? एक चेहरा ओळखीचा नाही."

"तोच तर मुद्दा आहे," तो म्हणाला. "आपण जिथं जातो तिथली नाहीतच ही. टीव्हीची आहेत."

खरंच नव्हती. त्यांच्यातले निम्मे आपसांत कानडीत बोलत होते. आण्णा ते ऐकून थरारले. गल्ल्यावरून उठून माझ्याजवळ आले. "म्हैसाळकर, कर्नाटकातनं आलीत. इतकी वर्षं पुढाऱ्यांना जमलं नाही. टीव्हीनं सीमाप्रश्न सोडवला."

मी कामाला लागलो. हरत असलो तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. दारं उघडून दाखवली, सीट मागेपुढे करून दाखवली, उरलेलं भडंग माझ्या हातानं वाढलं, म्हाताऱ्यांना पाणी दिलं. आणि काय गोड माणसं ती. "लई भारी मोटार," एक जण म्हणाला. "रंग कसला झकास," त्याची बायको म्हणाली. "दार बघा की, कसं अलगद लागतंय." मिशीला पीळ दिलेल्या एका म्हाताऱ्यानं संकोचून विचारलं, "हॉर्न वाजवून बघू काय?"

"वाजवा की. आपलीच आहे," मी म्हणालो.

त्यानं वाजवला. मग डोळे मिटून म्हणाला, "आहाहा. देवळातल्या घंटेगत."

एवढ्या वर्षांत आमच्या गाडीला कुणी घंटा म्हटलं नव्हतं. मला वाटलं, टीव्ही म्हणजे काय ताकद असेल. माणसाच्या जिभेवरचं कडू तेवढं पुसून पाठवतो.

त्या गर्दीत विट्याचा एक दूधवाला येऊन गेला. त्याला आमची फिरती विट्याच्या बाजारात दिसली होती. स्टिअरिंग जड आहे, असं तो दोनदा मोठ्यानं म्हणाला. कुणाला ऐकूच आलं नाही. सुकुमारनं त्याला कोपऱ्यात बसवलं, आणि तो वाट बघून वैतागून निघून गेला.

संध्याकाळी देवधर साहेब अतिशय समाधानानं हसले आणि पुण्याला गेले. मी फिरतीची चावी खिशातून काढली आणि आण्णांच्या टेबलावर ठेवली.

"आण्णा, मी हरलो," मी म्हणालो. "फायनल हरूनसुद्धा माणसं येतात म्हणजे माझं चुकलं."

"गाडी एकानंही घेतली नाही पण," आण्णा जरा घुटमळत म्हणाले.

"सीमोल्लंघनाला घेतील," सुकुमार म्हणाला. "आधी बी पेरायचं असतं आण्णा."

मग त्यानं मला कोपऱ्यावरच्या टपरीवर नेलं, स्वतः चहा सांगितला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. जमाना बदलला. तुझं-माझं काय चुकलं नाही." त्याचे डोळे भरून आले होते. मीच त्याला धीर दिला.

पुढचं सरळ आहे. दुकानाला आतली काचेची खोली झाली आणि तिच्यात मॅनेजर म्हणून सुकुमार बसला. कुणीतरी बसायलाच हवं होतं, आणि टाय त्याला शोभायचा. दसऱ्याला गाड्या गेल्या त्या दरवर्षीइतक्याच. पण तोवर फिरतीची मोटार विकून झाली होती. मला आण्णांनी एक टेबल दिलं होतं. ते मला पुरलं नाही. मिरजेत शेतीपंपांचं बारकं दुकान टाकलं. आण्णा टीव्हीवर श्रद्धा ठेवूनच पुढे वारले.

श्रद्धा मलाही जडली होती. दुकान टाकल्याबरोबर मी लोकल केबलवर, मॅचच्या मधल्या वेळात, माझ्या पंपाची जाहिरात दिली. पाणी उसळतंय, मागं सनई. कुणी आलं नाही. मी चूक स्वतःमध्ये शोधली. सनईच्या जागी ढोल घातला. कुणी आलं नाही. बायको म्हणाली, गावोगाव पंप घेऊन फिरा की, तुम्हाला ते येतं. मी तिला त्या सोमवारची गोष्ट सांगायचो. तिलाच काय, भेटेल त्याला सांगायचो. चपलांचा डोंगर, कानडी माणसं, देवळातली घंटा. "एवढी माणसं या डोळ्यांनी बघितलीत," असा शेवट करायचो. लोकांना पटायचं. दोघा-तिघांनी माझं ऐकून केबलवर जाहिराती दिल्या आणि नंतर माझ्याकडे येणं बंद केलं.

मागच्या सालापर्यंत मी ही गोष्ट सांगत होतो.

मागच्या साली सुकुमारच्या धाकटीचं लग्न निघालं. तो स्वतः अक्षत द्यायला घरी आला. केस पांढरे, पण हसणं तेच. माझ्या हॉलमध्ये बसून चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "वहिनी, साखर संपली का दुकानातली?" बायको हसली. मला इतकं बरं वाटलं. "लग्न सासुरवाडीला आहे, अथणीकडं," तो म्हणाला. "माझ्या लग्नाला दांडी मारलीस. आता तू आलास तरच अक्षता पडतील."

गेलो. उसाच्या कडेला मोठा मांडव होता. अक्षता पडल्या. जैनांच्या घरचं जेवण, उजेडात आटोपायचं, म्हणून लगेच पंगती बसल्या. मला सुकुमारनं हात धरून मानाच्या ओळीत बसवलं. पानावर वांग्याची भाजी आली, मठ्ठा आला, आणि त्या भागातली खपली गव्हाची गुळाची खीर, हुग्गी म्हणतात तिला, ती आली. मागून एक फार म्हातारा माणूस तुपाचं भांडं घेऊन आला. मिशीला पीळ होता. माझ्या पानापाशी थांबला.

"तुम्ही सांगलीचं की ओ," तो म्हणाला. "मोटारीच्या दुकानातलं. मी हॉर्न वाजवला होता."

मी घास ठेवला. "देवळातली घंटा," मी म्हणालो. मला भरून आलं. इतकी वर्षं ज्याची गोष्ट सांगतोय तो साक्षीदार तूप घेऊन समोर उभा. "टीव्हीवरची जाहिरात बघून आला होता तुम्ही. आठवतंय."

"टीव्ही कुठला ओ. त्या दिवशी आमच्याकडं लाईट कुठं होती." तो हुग्गीत तूप सोडत राहिला. "जावईबापूंनी टेम्पो धाडलं होतं की. मी पुतणीकडून सासरा त्यांचा."

"जावईबापूंनी?"

"सुकुमाररावांनी. म्हणाले, पुण्याचा साहेब यायचा आहे, दुकान भरलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे आतली खोली मला. जावयाचं काम म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? अख्खी गल्ली आली. तो बघा, पलीकडं बसलाय, तो होता. त्याची मंडळी होती. ही माझी सून, पोर कडेवर होतं तेव्हा, ते आता पाणी वाढायलंय. तुम्हाला ठाऊकच असेल की. तुम्हीच भडंग वाढत होता."

मी ओळीनं बघितलं. सोमवारची गर्दी पंगतीला बसली होती. थोडी म्हातारी झाली होती, एवढंच.

"मोटार आवडली होती ना पण?" मी विचारलं. हे का विचारलं ते मला सांगता येणार नाही.

म्हाताऱ्यानं इकडंतिकडं बघितलं आणि खाली वाकला. "आता काय लपवायचं. दार लई हलकं होतं बघा. मागं बसलं की गुडघं छातीला. आणि हॉर्न म्हणजे, रागावू नका, शेरडू ओरडल्यागत."

"मग तेव्हा बोलला नाहीत."

तो ताठ झाला. खरोखर दुखावला होता. "जावयाच्या दुकानाला नावं ठेवायची? काय बोलालाय तुम्ही."

आणि तूप घेऊन पुढच्या पानाकडे गेला.

मांडवात सनई चालू होती. मी पानाकडे बघत बसलो. नावं ठेवतो तो घेतो, हे वाक्य ज्याचं, त्यानंच ती अजिबात नावं न ठेवणारी माणसं भरून आणली होती. आणि मला ते दिसलं नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं होतं.

"म्हैसाळ्या." सुकुमार हुग्गीची बादली आणि पळी घेऊन समोर उभा होता, जरीचा फेटा, घामानं ओलं कपाळ. यजमानानं स्वतः आग्रह करायची रीत. त्यानं पळी भरून ओतली, दुसरी भरली. "हं, कर सुरू. कशी झालीय हुग्गी?"

"फार छान झालीय," मी म्हणालो.

तो हसला. "आणि वांगं?"

"उत्तम."

"मठ्ठा?"

"असा मठ्ठा कधी प्यालो नव्हतो."

पळी हवेत राहिली. त्यातून एक थेंब माझ्या पानाबाहेर पडला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघायचा तसा. मग त्याची नजर ओळीत पुढे गेली, तुपाचं भांडं घेऊन वाकलेल्या म्हाताऱ्यापर्यंत, आणि परत आली.

"काहीतरी कमी असेल की," तो हळू म्हणाला. "काहीतरी तर सांग."

"काही नाही, सुकुमारराव. सगळं अगदी छान आहे."

उभ्या आयुष्यात मी त्याला राव म्हटलं नव्हतं. मागून कुणीतरी जावईबापू म्हणून हाक मारली, तेव्हा तो बादली उचलून पुढच्या पानाकडे गेला. तिथं त्यानं आग्रह केला नाही.

मी पान पुसून टाकल्यासारखं संपवलं, हात धुतला, आणि मुलीला आशीर्वाद देऊन मिळेल त्या गाडीनं मिरजेला आलो.

हुग्गी तळाला लागली होती. गूळही कमी होता.